सोसायटीतल्या पोरांना आपलाच परिसर दाखवायचाय, सुरुवात कुठून करू? (पद्मावती-सहकारनगर, पुणे)

खिडकीपाशी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

झालं असं की लेकाला (चौथीत आहे) परिसर अभ्यासाचा गृहपाठ होता, तुमच्या परिसरातली नदी, डोंगर आणि जुनी वास्तू यांची माहिती लिहा. साहेबांनी लिहिलं, आमच्या परिसरात नदी नाही, डोंगर नाही, जुनी वास्तू म्हणजे आमची बिल्डिंग, तिची लिफ्ट सारखी बंद पडते. मी आधी खूप हसले, मग म्हटलं अरे, मी तरी वेगळं काय लिहिलं असतं? मी मूळची लातूरची, लग्न होऊन इथे आले त्याला बारा वर्षं झाली आणि मला इथलं काय माहितीये तर शाळा, भाजीवाला, दवाखाना आणि स्वारगेटला जायची बस.

आता सुट्टी लागलीये आणि सोसायटीत ९ ते १४ वयाची अकरा पोरं दिवसभर जिन्यात मोबाइल घेऊन बसलेली असतात. मागच्या वर्षी एका निसर्ग शिबिराला चांगले पैसे भरून पाठवलं होतं, नाव घेत नाही. त्यांनी बसने लांब कुठल्यातरी रिसॉर्टवर नेलं, झिपलाइन करवली, कार्डावरचे वाघ-हत्ती ओळखायला लावले आणि वर सर्टिफिकेट दिलं. घरी आल्यावर पोरगं मलाच विचारतंय की आपल्या गॅलरीसमोर भर उन्हात टुक टुक टुक करत असतो तो कोण? मला काय माहीत!

तर रविवारी सकाळी दोन तास मी, नवरा आणि दुसऱ्या मजल्यावरचे एक रिटायर्ड काका असे तिघं मिळून पोरांना फिरवू असं ठरवलंय. बजेट शून्य. मला झाडं ओळखता येत नाहीत, इतिहासाचं म्हणाल तर दहावीला ४० मार्क होते. सोसायटीच्या मागून एक नाला जातो, उन्हाळ्यात वास मारतो आणि पावसाळ्यात भीती वाटते, तेवढाच काय तो आमचा निसर्ग. कुठून सुरुवात करू? कुणी असं काही केलंय का?

पर्वतीचा_बाब्या

ताई, पहिली दुरुस्ती, तो नाला नाही हो, ओढा आहे, आंबील ओढा! नाला आपण केलाय त्याचा. माझं बालपण त्या ओढ्याकाठी गेलं म्हणून जरा लागतं मनाला, राग मानू नका.

आणि तुमच्या लेकाला सांगा की नदी नाही डोंगर नाही असं लिहून त्याने स्वतःचे मार्क घालवलेत, कारण तुम्ही राहताय ती जागा म्हणजे लॉटरी आहे. ओढा कात्रजच्या डोंगरातून येतो, कात्रजच्या तलावातून पुढे पद्मावती, अरण्येश्वर, सहकारनगर, मग पर्वतीच्या बाजूने दांडेकर पूल आणि दत्तवाडीजवळ मुठेत. पूर्वी हा थेट पेठांमधून वाहत जायचा, नानासाहेब पेशव्यांनी त्याला वळवला आणि पर्वतीच्या पायथ्याशी तळं बांधलं. आज पोरं जिथे भेळ खातात ते सारसबाग म्हणजे त्या तळ्याचा तळ. म्हणून तर तिथल्या गणपतीला जुने लोक अजून तळ्यातला गणपती म्हणतात, देऊळ तळ्यातल्या बेटावर होतं. हे पोरांना तिथे उभं करून सांगा, पायाखाली पाणी होतं म्हटल्यावर चेहरे बघा कसे होतात ते.

आणि दुसरी गोष्ट, तुमच्या भागातनं जमिनीखालून पेशव्यांचा नळ जातो. १७५० च्या आसपास नानासाहेबांनी कात्रजला तलाव बांधून तिथून दगडी बांधणीच्या भुयारी नळाने शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं, शहरात हौद बांधले, काळा हौद, बदामी हौद, नाना हौद वगैरे नावं ऐकली असतील. नळ म्हणजे पाइप नव्हे, माणूस आत चालू शकेल एवढं भुयार. वाटेत हवेसाठी आणि साफसफाईसाठी दगडी उसासे ठेवलेत, विहिरीच्या तोंडासारखे. लहानपणी आम्ही एकात दोरी टाकून उतरलो होतो, लई भारी वाटलेलं, पोरांना एकदा

पर्वतीचा_बाब्या

अर्धवटच पोस्ट झालं. तर एकदा वरनं दाखवा असं म्हणणार होतो.

मास्तर_साताऱ्याचे

बाब्याराव, "वरनं दाखवा" असंच म्हणणार होतात यावर आमचा पूर्ण विश्वास आहे. ;)

पण मस्करी बाजूला, ताई, उसाशात कुणीही उतरायचं नाही, आत डोकावायलासुद्धा नाही, आत हवा कशी असते आणि बांधकाम किती खिळखिळं झालंय हे कुणी सांगू शकत नाही. आणि ओढ्याच्या पाण्याला हात लावायचा नाही, ते सांडपाणी आहे, पायाला जखम असेल तर लेप्टो वगैरे व्हायला वेळ लागत नाही. पुलावरनं, कठड्यावरनं बघा, भरपूर दिसतं. बंद बूट, टोपी, पाणी, प्रत्येक पोराच्या आईबापाचा होकार व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी. मी सव्वीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, सहलीला पोर हरवल्यावर काय होतं ते अनुभवलंय (सापडलं, उसाच्या फडात झोपलं होतं).

आता मुद्द्याचं. झाडं ओळखता येत नाहीत ही तुमची अडचण नाहीये, उलट बरंच आहे. ज्याला नावं येतात तो माणूस नावं सांगत सुटतो आणि पोरं ऐकल्यासारखं करतात. मी पण तेच करायचो. हा करंज, हा उंबर, हा शिरीष, लिहून घ्या. पुढच्या आठवड्यात विचारलं तर शून्य. आता मी नाव सांगतच नाही, पोरांनीच ठेवायचं. आमच्या शाळेमागच्या एका झाडाला पोरांनी "खाजरं" नाव ठेवलं कारण त्याच्या शेंगेची लव अंगाला लागली की खाज सुटायची, आणि मग आजीकडनं कळलं की ती खाजकुइली, झाडावर चढलेली वेल आहे, झाड वेगळंच. हे ते जन्मात विसरणार नाहीत.

पहिल्या रविवारी फक्त एक करा. घरातून निघायच्या आधी प्रत्येकाला कोरा कागद द्या आणि आठवणीतून आपल्या भागाचा नकाशा काढायला सांगा. काहीही मदत करू नका. मग चालून या आणि परत काढायला लावा. दोन्ही कागद जपून ठेवा. पहिल्या नकाशात सगळ्यांची सोसायटी मधोमध आणि प्रचंड मोठी असते, आणि रस्ता थेट आइस्क्रीमच्या दुकानाला जातो :) चालताना पावलं मोजायला सांगा, शंभर पावलं म्हणजे किती मीटर ते आधी टेपने मोजून ठेवा. उत्तर कुठे हे सकाळच्या सूर्यावरनं ठरवा. एवढ्यात दोन तास संपतात.

नंतर मोठ्यांनी घरी बसून करायचं काम: सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे नकाशे त्यांच्या साइटवरनं फुकट उतरवता येतात, नाव नोंदवावं लागतं एवढंच. त्यात तुमचा ओढा निळ्या रेघेने दिसेल आणि टेकड्यांच्या समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) पण. कॉम्प्युटरवरच्या गूगल अर्थमध्ये घड्याळाचं चिन्ह दाबलं की जुने फोटो दिसतात, वीस वर्षांपूर्वी तुमच्या बिल्डिंगच्या जागी काय होतं ते पोरांना शोधू दे. आणि इंग्रजी वाचणारं कुणी असेल तर पुणे जिल्ह्याचं जुनं गॅझेटिअर, म्हणजे सरकारी माहितीग्रंथ, १८८५ सालचं, तीन भागांत आहे, नेटवर मिळतं. सगळं वाचायच्या भानगडीत पडू नका, आपल्या गावाचं नाव शोधायचं आणि तेवढंच वाचायचं.

गारगोटी

तो टुक टुक करणारा म्हणजे तांबट. लोहार हातोडी मारतो तसा आवाज, उन्हाळाभर चालू असतो. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल. आवाज येतो पण दिसत नाही अशी सगळ्यांची तक्रार असते, वड-पिंपळ-उंबर असेल तर शेंड्याकडे बघा.

मी दगडवाला माणूस (जिऑलॉजी शिकलो, आता पोटासाठी वेगळंच करतो), त्यामुळे मी दगडाबद्दल बोलणार. सगळे पक्षी झाडं इतिहास करतात आणि ज्यावर उभे आहेत त्याकडे कुणी बघत नाही.

तुमच्याकडचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला त्याचा झालेला. डोंगराच्या फोडासारख्या तोंडातून उडणारा ज्वालामुखी नव्हे, जमिनीला मोठमोठ्या भेगा पडून त्यातनं ऊत आल्यासारखा बाहेर आलेला. आज जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर तो शिल्लक आहे. त्याला डेक्कन ट्रॅप म्हणतात, ट्रॅप म्हणजे सापळा नाही, स्वीडिश भाषेत पायरी. तळजईच्या टेकडीवरून सिंहगडाकडे बघा, डोंगरांच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतील, ते म्हणजे एकेक थर. कात्रज घाटात रस्त्यासाठी कापलेल्या जागी दोन काळ्या थरांच्या मध्ये विटकरी पट्टा दिसतो, तो एका लाव्ह्यानंतर दुसरा येईपर्यंतच्या मधल्या काळात वरचा थर कुजून तयार झालेली माती, नंतरच्या लाव्ह्याने भाजून काढलेली. (घाटात गाडीतनंच दाखवा, उतरू नका, ट्रॅफिक वेडं आहे.)

पोरांसाठी सगळ्यात सोपं काम सांगतो. कुठेतरी बांधकाम चालू असेलच, पुण्यात नसेल असं होणारच नाही, तिथल्या मुकादमाला विचारून खडीच्या ढिगापाशी दहा मिनिटं बसा. काही खडे भोकाभोकांचे असतात, ती लाव्ह्यातल्या गॅसच्या बुडबुड्यांची भोकं. काहींच्या भोकात पांढरं चमकदार काहीतरी भरलेलं असतं. ते झिओलाइट किंवा कॅल्साइट किंवा क्वार्ट्‌झ. घरी येऊन त्यावर व्हिनेगरचे थेंब टाका आणि भिंगातून बघा, बारीक बुडबुडे आले तर कॅल्साइट. नखाने नाही पण काचेवर ओरखडा उठला तर क्वार्ट्‌झ. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतनं निघालेला कॅव्हन्साइट नावाचा निळाजर्द खनिज जगभरातल्या म्युझियममध्ये ठेवलेला आहे, आणि आपण ती खडी रस्त्याला वापरतो. चालायचंच.

टेकडीवरचा दगड फोडू नका, तिथला दगड तिथेच राहू दे, त्याच्याखाली विंचू-सापसुरळी असतात.

आणि हो, पाणी. पोरांना विचारा, आपल्या ओढ्याचं पाणी शेवटी कुठल्या समुद्राला जातं? शंभरातली नव्वद पोरं अरबी म्हणतील, जवळ तोच आहे. पण जातं उलट्या बाजूला. ओढा, मुठा, मुळा-मुठा, भीमा, उजनी, पंढरपूर, मग कृष्णा आणि बंगालचा उपसागर. मी हे भाचीला सांगितलं तर म्हणाली, म्हणजे आपण ओढ्यात टाकलेली पिशवी विठोबाला जाते? मी गप्प.

निळा_शर्ट

धागा फॉलो करतोय. आम्ही धायरीचे, आम्हाला पण हवंय.

नारायणपेठी_आजी

मेघा असो की कोण, तू जे काय नाव घेतलं आहेस, मुली, फार छान विचार आहे तुझा. नात टाइप करून देत्ये म्हणून लिहिते.

सहकारनगर कसं वसलं हे तुमच्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? मी सात वर्षांची होते. १२ जुलै १९६१. आम्ही नारायण पेठेत नदीच्या बाजूला वाड्यात राहायचो. सकाळी पानशेतचं धरण फुटलं आणि मग खडकवासल्याचं. वडिलांनी मला खांद्यावर घेतलं आणि आई म्हणाली की देव्हारा घेते, तर वडील ओरडले की देव येतील मागनं, तू चल. लकडी पूल पाण्याखाली गेला होता. परत आलो तर वाडा नव्हताच, चिखल आणि त्यात आमची पाट्यावरवंट्यातली वरवंटा तेवढी सापडली, ती अजून माझ्याकडे आहे. देव नाही आले मागनं.

तर त्या पुरात ज्यांची घरं गेली त्यांच्यासाठी शहराबाहेर वसाहती झाल्या, तिकडे गोखलेनगर आणि इकडे सहकारनगर. सहकारी सोसायट्या केल्या म्हणून सहकारनगर. आम्ही आलो तेव्हा इथे माळ होता, रात्री कोल्हे ओरडायचे, आई रडायची की कुठे जंगलात आणून टाकलं. ओढ्याला तेव्हा स्वच्छ पाणी असायचं, धुणं न्यायचो आम्ही, खेकडे असायचे. आता सांगितलं तर नात म्हणत्ये आज्जी काहीतरीच.

आणि गंमत बघ. नदीच्या पुरातनं वाचून आम्ही डोंगराच्या बाजूला आलो, आणि २५ सप्टेंबर २०१९ ला रात्री ओढा घरात आला. खाली पार्किंगमधल्या गाड्या काडेपेट्यांसारख्या वाहिल्या, टांगेवाले कॉलनीत भिंत पडून माणसं गेली. मला तर वाटलं परत एकसष्ट साल आलं.

मुलांना आमच्यासारख्या म्हाताऱ्यांकडे आण. वरवंटा दाखवीन.

खिडकीपाशी

आजी 🙏 काय बोलू. मी तुमच्याकडे नक्की येणार, मुलांना घेऊन येणार. आमच्या बिल्डिंगच्या नावात सुद्धा "सहकारी गृहरचना संस्था" आहे आणि आजपर्यंत मला वाटायचं ती फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर लिहायची पद्धत आहे.

मास्तर, नकाशाची कल्पना पक्की. गारगोटी, तांबट! नाव कळल्यापासून लेक खिडकीतून हलत नाहीये.

दख्खनी_वाट

चांगला धागा. पण एक खटकतंय म्हणून लिहितो. वरचे सगळे प्रतिसाद वाचले तर इतिहास म्हणजे नानासाहेबांनी तळं बांधलं, नानासाहेबांनी नळ आणला, नानासाहेबांनी देऊळ बांधलं. बांधलं खरंच आणि काम भारीच आहे, पण तुम्ही पोरांना पर्वतीवर नेणार असाल तर तिथे १९२९ मध्ये काय झालं ते पण सांगा. पर्वतीच्या देवळात दलितांना प्रवेश नव्हता, त्यासाठी ऑक्टोबर १९२९ मध्ये सत्याग्रह झाला, शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज वगैरे पुढे होते, एस. एम. जोशींसारखे तरुण पण सामील झाले. सत्याग्रहींवर दगड पडले, मार खाल्ला, महिनोनमहिने चाललं आणि देऊळ तेव्हा उघडलं नाहीच. माझे पणजोबा दांडेकर पुलाजवळ राहायचे, आमच्या घरात हे सांगितलं जातं, आणि त्या पायऱ्यांवर रोज सकाळी व्यायामाला जाणाऱ्या शंभरातल्या एकालाही माहीत नसतं.

पर्वतीचा_बाब्या

मान्य हो, पण नऊ वर्षांच्या पोरांना हे सगळं कशाला आत्तापासून? आधी झाडं-पक्षी तर बघू दे, आवड तर लागू दे.

दख्खनी_वाट

नऊ वर्षांच्या पोराला "तुला आत यायचं नाही" म्हणजे काय हे तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं बाब्याशेठ, क्रिकेटमध्ये बॅटिंग न देता हाकललेलं असतं प्रत्येकाला कधी ना कधी. भाषण द्या म्हणत नाहीये. पायऱ्यांवर उभं राहून दोन वाक्यं. बाकीचं ती विचारतील.

मास्तर_साताऱ्याचे

दख्खनी_वाट यांच्याशी शंभर टक्के सहमत. शाळेतला अनुभव सांगतो. आमच्या गावात देवळामागे एक दगड उलटा पडलेला होता, पोरं त्यावर बसून डबा खायची. एकदा उचलून बघितला तर वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड. खालच्या चौकटीत लढाई आणि गाई, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेतायत, सगळ्यात वर तो पिंडीची पूजा करतोय आणि त्याच्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे चंद्रसूर्य असेपर्यंत नाव राहील. पोरांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल? गाई कुणाच्या होत्या आणि चोरणारे कोण होते. म्हणजे कुणी बांधलं हे त्यांना फारसं पडलेलं नसतं, भांडण कशावरून झालं ते पाहिजे असतं! तुमच्याकडे धनकवडीच्या गावठाणात देवळांच्या आसपास शेंदूर लावलेले दगड दिसले तर थांबून चौकटी मोजा, वीरगळ असेल तर लगेच कळेल. कोपरात दुमडलेला बांगड्यांचा हात कोरलेला असेल तर ती सतीशिळा. हात लावायच्या आधी तिथल्या माणसांना विचारा, तो त्यांचा देव आहे.

खिडकीपाशी

मंडळी, रिपोर्ट! काल पहिली फेरी झाली.

अकरातली आठ पोरं आली, दोघं झोपली होती आणि एकाच्या आईने ओढा ऐकूनच नको म्हटलं. नकाशे काढले, मास्तर तुमचं अगदी बरोबर, सगळ्यांची सोसायटी कागद भरून आणि एकाच्या नकाशात फक्त त्याचं घर, मित्राचं घर आणि मधे "कुत्रा (चावतो)". ओढा आठातल्या एकानेही काढला नव्हता. बेडरूमच्या खिडकीतनं दिसतो हो!

अरण्येश्वरापासून ओढ्याच्या कडेकडेने जिथे रस्ता आहे तिथनं चाललो, दोन पुलांवर थांबलो. वास होता, नाकाला रुमाल लावून सगळे. पण त्या घाण पाण्यात सुद्धा एक मातकट बगळ्यासारखा पक्षी दगड होऊन उभा होता, पोरं म्हणाली पुतळा आहे आणि तेवढ्यात तो उडाला तर आतून एकदम पांढराशुभ्र! काकांनी फोनमधल्या मर्लिन या पक्षी ओळखायच्या अ‍ॅपवर शोधलं, वंचक. नाव ऐकून पोरं खूश, कारण त्याने खरंच फसवलं होतं. काठावर एका जागी उंबर होता, खाली पिकून पडलेला सडा, एकाने फोडून बघितलं तर आत बारीक किडे. आता ते किडे आत कसे गेले यावर अर्धा तास वाद, मी पण त्यांच्याच बाजूला अडाणी.

मग एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन काकांना सहज विचारलं की २०१९ ला पाणी कुठपर्यंत होतं. ते उठले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले, हात छातीवर ठेवला आणि म्हणाले इथपर्यंत. पोरं एकदम गप्प. सातवीतल्या मुलीने खिशातला टेप काढला (पावलं मोजायला दिलेला), जमिनीपासून त्यांच्या हातापर्यंत मोजलं आणि वहीत लिहिलं, १ मीटर २७. कुणी सांगितलं नव्हतं तिला. आता त्यांचं ठरलंय की ओढ्याकाठच्या प्रत्येक सोसायटीत जाऊन हाच प्रश्न विचारायचा आणि सगळे आकडे नकाशावर मांडायचे. मी म्हटलं कशाला, तर म्हणे पाणी कुठे जास्त चढलं ते बघू, तिथे ओढा अरुंद केलाय का ते पण बघू. मला काही सुचलंच नाही यावर.

दोन प्रश्न राहिलेत, मदत करा:
एक, उंबरात किडे कसे गेले.
दोन, पेशव्यांकडे मोटर नव्हती तर नळातलं पाणी शनिवारवाड्यापर्यंत चढायचं कसं?

गारगोटी

चढायचं नाही, उतरायचं! कात्रज उंचावर आहे, शहर खाली. सगळा खेळ उताराचा, फार उतार दिला तर पाणी धावतं आणि बांधकाम झिजतं, कमी दिला तर गाळ साचतो, तो मधला नेमका उतार मैलोनमैल सांभाळणं ही खरी कारागिरी. घरी करून दाखवा: गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइप घ्या, पाणी भरा, दोन टोकं दोन पोरांच्या हातात. कुणी कितीही लांब उभं राहिलं तरी दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला येतं. मग जिन्याच्या दोन पायऱ्यांमधला फरक मोजायला सांगा. एवढ्या साधनावर अख्ख्या टेकडीचा चढ मोजता येतो.

दख्खनी_वाट

उंबराचं मी सांगतो. उंबराचं आपण फळ म्हणतो ती खरं म्हणजे फुलांची बंद पिशवी आहे, फुलं आतल्या बाजूला असतात, म्हणून तर "उंबराचं फूल" दिसत नाही म्हणतात. टोकाला बारीक भोक असतं, त्यातनं चिलटाएवढी गांधीलमाशीची एक जात आत जाते, अंडी घालते आणि तिच्यामुळेच परागीभवन होतं. ती माशी नाही तर उंबराला बी नाही, आणि उंबर नाही तर ती माशी नाही. पुढच्या वेळी कच्चं उंबर आडवं कापा आणि भिंगाने बघा.

तळजईवर जाल तेव्हा एक बघा, बरीचशी झाडी एकाच प्रकारची वाटेल, ती गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया, मूळची मध्य अमेरिकेतली, वनखात्याने टेकड्या लवकर हिरव्या व्हाव्यात म्हणून लावली. आपल्याकडे तिला उंदीरमारी पण म्हणतात. पोरांना दहा मिनिटं तिच्याखाली आणि दहा मिनिटं एखाद्या हिवर-बाभळीखाली बसवा, कुठे किती पक्षी-किडे येतात ते मोजू दे. मोर मात्र तिथे दिसतातच, पहाटे गेलात तर.

नारायणपेठी_आजी

एक मीटर सत्तावीस वाचून नातीने मला उभं करून मोजलं. माझ्या गळ्यापर्यंत आलं असतं.

येत्या रविवारी पर्वतीला जाणार असाल तर मला पायथ्याशी एक खुर्ची ठेवा, गुडघे वर येऊ देत नाहीत. वरनं उतरलात की मी खाली कालव्याकडे बोट करून दाखवीन, पोहायला शिकले ते मी त्या कालव्यात, भावाने ढकलून दिलं होतं. हो, खडकवासल्याचाच कालवा, २०१८ ला ज्याची भिंत फुटून दांडेकर पुलाला पाणी शिरलं तो. वरवंटा पण आणत्ये पिशवीत, जड आहे, कुणीतरी उचलायला पाठवा.

पर्वतीचा_बाब्या

आजी मी येतो उचलायला, सव्वासहाला दारात. आणि दख्खनी_वाट तुम्ही पण या की राव, पायऱ्यांवरची दोन वाक्यं तुम्हीच बोला, मला पण ऐकायचीयेत. ५ नोव्हेंबर १८१७ ला दुसऱ्या बाजीरावाने खडकीची लढाई याच पर्वतीवरून बघितली, ते माझ्याकडे लागलं. दुर्बीण आणतो, खडकी खरंच दिसते का ते पोरांनी ठरवावं.

खिडकीपाशी

ठरलं, रविवारी सव्वासहा, पर्वती पायथा. खुर्ची काका आणतायत.

ता. क. लेकाने गृहपाठ परत लिहिला. नदी: आमच्या मागे आंबील ओढा आहे, तो विठोबाला जातो. डोंगर: तळजई, लाव्ह्याचा आहे. जुनी वास्तू: पेशव्यांचा नळ, पण तो जमिनीखाली असल्यामुळे चित्र काढता आले नाही. लिफ्टचं वाक्य खोडायला तयार नाही, म्हणतो ते पण खरंच आहे.

निळा_शर्ट

लिफ्ट चालू झाली का पण?